मेंदूसाठी ताट: साठीनंतर काय बदलावे आणि कोणत्या क्रमाने

अक्रोड मेंदूसारखा दिसतो, म्हणून तो मेंदूला चांगला, हा तर्क सगळ्यांनाच आवडतो. अक्रोड वाईट नाहीच. पण बार्सिलोना आणि कॅलिफोर्निया इथल्या सातशेहून अधिक निरोगी ज्येष्ठांवर दोन वर्षे चाचणी झाली. एका गटाला रोज अक्रोड दिले, दुसऱ्याला दिले नाहीत. २०२० साली निकाल आला तेव्हा दोन्ही गटांच्या बुद्धीच्या चाचण्यांत एकंदरीत फरक निघाला नाही. एकाच पदार्थावर भिस्त ठेवली की असेच होते. जी आजी रात्रीचे जेवण चहा-बिस्किटांवर भागवते, दिवसभरात चार पेले पाणीही पीत नाही आणि जिचे बी-१२ जीवनसत्त्व कित्येक वर्षांत कुणी तपासलेले नाही, तिला अक्रोडाची मूठ देऊन काय साधणार?

म्हणून क्रम असा ठेवा: जे कमी पडते आहे ते आधी भरून काढा, मग ताटाची घडण बदला. गोळ्या आणि पावडरी सगळ्यात शेवटी, त्याही गरज निघाली तरच.

पहिल्या आठवड्यात फक्त मोजा

वजन महिन्यातून एकदा, सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, त्याच काट्यावर करा आणि तारखेसह लिहून ठेवा. गेल्या ६ ते १२ महिन्यांत प्रयत्न न करता ५ टक्क्यांहून जास्त वजन उतरले असेल, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे ३ किलोंहून जास्त, तर आहारात काहीही कमी करू नका. आधी डॉक्टरांना दाखवा. चाळिशी-पन्नाशीतला लठ्ठपणा पुढे मेंदूला महागात पडतो हे खरे. पण पंचाहत्तरीत आपोआप उतरणारे वजन ही आनंदाची बातमी नव्हे. डिमेन्शियात, म्हणजे स्मृती आणि विचारशक्ती हळूहळू खालावत नेणाऱ्या आजारात, विसरभोळेपणा घरच्यांच्या लक्षात येण्याच्या बऱ्याच आधी वजन घसरू लागलेले असू शकते. अशा माणसाला ‘हलके खा’ म्हणून रात्री नुसत्या सूपवर ठेवणे, ही घराघरांत प्रेमापोटी होणारी सर्वांत मोठी चूक आहे.

सोबत तीन दिवसांची खाण्याची नोंद करा, त्यातला एक दिवस सुट्टीचा घ्या. काय वाढले ते लिहू नका, पोटात काय गेले ते लिहा. ताटात उरलेली अर्धी वाटी भाजी नोंदीत आलीच पाहिजे. ‘जेवलात का?’ या प्रश्नाचे उत्तर पुरावा धरू नका. विसर पडू लागलेला माणूस सवयीने ‘हो’ म्हणतो.

रक्ततपासणीत बी-१२, टीएसएच (थायरॉइडसाठी), हिमोग्लोबिन, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर), सोडियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) एवढे तरी पाहून घ्यावे, असे डॉक्टरांना सुचवा. बी-१२ची कमतरता आणि मंदावलेले थायरॉइड या दोन्हींमुळे विसरणे, सुस्ती, गोंधळ अशी लक्षणे दिसतात. ती डिमेन्शियासारखीच भासतात, पण त्यांवर उपचार आहेत. उतारवयात कित्येकांच्या जठरातले आम्ल कमी होते. मग अन्नातल्या प्रथिनाला चिकटलेले बी-१२ सुटे होत नाही, म्हणून दूध-अंडी नीट खाऊनही ते कमी पडू शकते. त्यात मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी किंवा वर्षानुवर्षे चालू असलेली आम्लपित्ताची गोळी असेल तर शोषण आणखी घटते. बी-१२ नैसर्गिकरीत्या फक्त प्राणिज अन्नात असते, त्यामुळे शाकाहारी माणसाचा साठा मुळातच बेताचा. रक्तातली पातळी २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली गेली तर बहुतेक प्रयोगशाळा ती कमी धरतात. २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा आहे, तिथे डॉक्टर मिथिलमॅलोनिक आम्ल (बी-१२ कमी पडले की रक्तात वाढणारा पदार्थ) तपासायला सांगू शकतात. पायांना मुंग्या, बधिरपणा, चालताना तोल जाणे ही लक्षणे असतील तर तेही सांगा. एक काळजी घ्या: बी-१२ न तपासता नुसते फॉलिक आम्ल मोठ्या मात्रेत सुरू करू नका. रक्तक्षय सुधारलेला दिसतो, पण नसांचे नुकसान आत चालूच राहते.

दात आणि कवळीही याच आठवड्यात बघा. कवळी सैल असली की माणूस कच्ची भाजी, शेंगदाणे, मांस हळूहळू सोडतो आणि ‘आता आवडत नाही’ एवढेच सांगतो.

प्रथिने: हिशेब घातल्याशिवाय कळत नाही

ज्येष्ठांना वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. मूत्रपिंडाचा जुना आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांकडून ठरवून घ्या, तिथे जास्त प्रथिने नडतात. मेंदूच्या गोष्टीत स्नायूंचे काय काम, असे वाटेल. पण स्नायू झिजले की चालणे कमी होते, पडण्याची भीती बसते, माणूस घरात अडकतो, आणि साखर व रक्तदाब दोन्ही बिघडतात. मेंदूला झळ बसते ती याच वाटेने.

एका अंड्यात ६ ग्रॅम, २४० मिलिलिटर दुधात ८, शंभर ग्रॅम साध्या दह्यात साडेतीन, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत ७ ते ८, शंभर ग्रॅम शिजलेल्या माशात सुमारे २० ते २२ ग्रॅम प्रथिने असतात. खरी फसगत डाळीत होते. ३० ग्रॅम कोरड्या डाळीत साधारण ७ ग्रॅम प्रथिने असतात. तेवढ्याच डाळीत पाणी वाढवून चार जणांचे पातळ सूप केले, तर एकेकाच्या वाट्याला दोन ग्रॅमही येत नाहीत. वाटी भरलेली दिसते, ताट पूर्ण वाटते, आणि हिशेबात जवळपास काहीच जमा होत नाही. म्हणून ज्येष्ठ माणसाचा वाटा घट्ट ठेवा. माणशी ४० ग्रॅम कोरडी डाळ किंवा कडधान्य मोजून भिजवा. चावायला त्रास होत असेल तर मऊ शिजवून घोटा, पण पाणी वाढवू नका.

प्रथिने तिन्ही जेवणांत वाटून द्या, दर वेळी २० ग्रॅमच्या आसपास. बहुतेकांचा खड्डा सकाळच्या खाण्यात असतो. दोन अंडी आणि पेलाभर दूध घेतले की २० ग्रॅम तिथेच होतात. अंडी नको असतील तर वाटीभर घट्ट दही, त्यात मूठभर शेंगदाण्यांचे कूट, सोबत दूध, असे जमवा.

पाणी

वयाबरोबर तहानेची जाणीव बोथट होते. ‘तहान लागेल तेव्हा पितील’ हा नियम इथे चालत नाही. पाणी, दूध, चहा, सूप अशी सगळी पेये मिळून स्त्रियांना दिवसाला किमान १.६ लिटर आणि पुरुषांना २ लिटर, असे प्रमाण धरतात. २०० मिलिलिटरचा पेला घेतला तर अनुक्रमे ८ आणि १० पेले झाले. हृदय कमकुवत असेल किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल आणि डॉक्टरांनी पाण्याला मर्यादा घातली असेल, तर तीच पाळा.

दर तासाला ‘पाणी प्या’ म्हणत राहिलात तर दोघेही वैतागाल. पेले ठरलेल्या कामांना बांधा: उठल्यावर एक, प्रत्येक खाण्याबरोबर एक, गोळ्यांबरोबर अख्खा पेला, फिरून आल्यावर एक, संध्याकाळच्या चहाच्या वेळी एक. झोपण्याआधीच्या दोन तासांत कमी द्या, नाहीतर रात्री अंधारात उठणे आणि पडणे ओघाने आलेच. कित्येक ज्येष्ठ लघवी आवरत नाही म्हणून मुद्दाम पाणी टाळतात आणि ते कुणाला सांगत नाहीत. तसे असेल तर आधी त्या तक्रारीवर उपचार करा, पेले मोजून उपयोग नाही.

ताटाची घडण

शिकागोच्या रश विद्यापीठातील मार्था क्लेअर मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ‘माइंड’ नावाची आहारपद्धती मांडली. भूमध्यसागरी आहार आणि रक्तदाबासाठीचा ‘डॅश’ आहार यांतून मेंदूशी निगडित भाग निवडून ती बनवली आहे. ९२३ ज्येष्ठांच्या पाहणीत, ज्यांचे खाणे या पद्धतीशी सर्वांत जुळते होते त्यांच्यात अल्झायमरचे (डिमेन्शियाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार) प्रमाण ५३ टक्क्यांनी कमी आढळले, मध्यम जुळणाऱ्यांत ३५ टक्क्यांनी. हे आकडे सगळीकडे फिरतात. पुढचा भाग सहसा कुणी सांगत नाही. ६०४ जणांना तीन वर्षे प्रत्यक्ष आहार पाळायला लावून चाचणी घेतली, तेव्हा २०२३ च्या निकालात माइंड गट आणि तुलनेचा गट यांच्यात लक्षणीय फरक पडला नाही. तुलनेच्या गटालाही थोडे कमी खाण्याचे मार्गदर्शन मिळत होते. दोन्ही गटांचे वजन सुमारे ५ किलोंनी उतरले आणि दोन्ही गटांचे गुण सुधारले. तीन वर्षांत चमत्कार घडेल अशी आशा धरू नका. मात्र हीच घडण हृदय, रक्तदाब आणि साखरेलाही मानवते, त्यामुळे ती पाळून तोटा काहीच नाही.

आठवड्याचे प्रमाण असे:

- पालेभाजी आठवड्यातून किमान ६ वेळा. एक वेळ म्हणजे शिजलेली अर्धा कप किंवा कच्ची एक कप. शिवाय दुसरी एखादी भाजी रोज.
- अख्खे धान्य रोज ३ वेळा, कडधान्ये-डाळी आठवड्यातून किमान ४ जेवणांत.
- कठीण कवचाची फळे किंवा शेंगदाणे आठवड्यातून ५ वेळा, मूठभर, बिनमिठाचे.
- बेरीवर्गीय फळे २ वेळा. गोठवलेली चालतात, रस चालत नाही.
- मासे एकदा, तळलेले नाहीत. चिकन खाणाऱ्यांना २ वेळा.
- स्वयंपाकाला मुख्यतः ऑलिव्ह तेल. ते नसेल तर लोण्याऐवजी दुसरे वनस्पती तेल, पण वनस्पती तूप नको.
- लाल मांस आठवड्यातून ४ वेळांपेक्षा कमी, चीज आणि तळलेले बाहेरचे खाणे एकदापेक्षा कमी, केक-मिठाई ५ वेळांपेक्षा कमी, लोणी दिवसाला एका मोठ्या चमच्यापेक्षा कमी.

मूळ यादीत रोज एक ग्लास वाइनही होती. जो पीत नाही त्याने ती मेंदूसाठी सुरू करू नये.

यातली पालेभाजी सर्वांत महत्त्वाची, आणि नासते तीच जास्त. धुऊन मगच चिरा, चिरून तासभर ठेवू नका. भरपूर पाण्यात उकळून पाणी ओतून दिले तर फोलेट हे बी गटातले जीवनसत्त्व त्या पाण्याबरोबर मोरीत जाते. झाकण ठेवून, अंगच्या पाण्यात, पाच-सात मिनिटांत शिजवा. चमचाभर तेल घालाच, कारण पानांतले ल्युटीन हे रंगद्रव्य आणि के जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थासोबतच नीट शोषले जाते. पाने चावत नसतील तर शिजवून वाटा आणि डाळीत मिसळा.

मासे न खाणाऱ्यांसाठी जवस सुचवले जाते. रोज एक मोठा चमचा पुरे, पण दळून. अख्खे जवस बरेचदा न पचता तसेच बाहेर पडते. आठवड्यापुरतेच दळा आणि बंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर खवट होते. जवसातल्या ओमेगा-३पासून मेंदूला लागणारे डीएचए (माशांत मिळणारा ओमेगा-३चा प्रकार) शरीर फार थोडे बनवू शकते. थेट डीएचए हवेच असेल तर शेवाळापासून काढलेले तेल मिळते.

सगळे एकदम बदलू नका. पंधरवड्याला एक बदल पुरे. मैद्याचे सगळे काढून एका दिवसात अख्ख्या धान्यावर नेले की पोट फुगते, वायू धरतो, आणि पाणी कमी असेल तर बद्धकोष्ठ होतो. मग माणूस ‘मला हे मानवत नाही’ म्हणून कायमचे सोडून देतो. अर्धे-अर्धे मिसळून दोन-तीन आठवड्यांत वर न्या.

मीठ आणि साखर

उच्च रक्तदाब मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब करतो. अमेरिकेतल्या ‘स्प्रिंट माइंड’ चाचणीत, २०१९ साली, वरचा रक्तदाब १२० च्या खाली ठेवलेल्या गटात सौम्य स्मृतिदोषाचे प्रमाण कमी आढळले. तो औषधांनी उतरवला होता, आणि कुणाचा किती उतरवायचा हे डॉक्टरच ठरवतील. मीठ मात्र तुमच्या हातात आहे.

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सपाट एक लहान चमचा. आपण किती खातो हे चमच्याने कळत नाही, पुडीने कळते. नवी पुडी फोडाल त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहा. एक किलोची पुडी दोन माणसांत दोन महिन्यांत संपली तर १००० भागिले १२०, म्हणजे माणशी दिवसाला ८ ग्रॅमहून थोडे जास्त. यात पाव, चीज, सॉस, पाकिटातले खारे पदार्थ धरलेलेच नाहीत. पाकिटावर सोडियम लिहिलेले असते, त्याला अडीचने गुणा म्हणजे मिठाचे वजन निघते. जिभेची जाण वयाने कमी झालेली असते, म्हणून मीठ एकदम तोडले तर जेवणच सुटते. दर आठवड्याला थोडे कमी करा आणि लिंबू, लसूण, भाजलेले जिरे यांनी चव राखा. उलट बाजूही ध्यानात ठेवा: लघवी वाढवणारी गोळी चालू असताना मीठ अतोनात तोडले तर रक्तातले सोडियम घसरू शकते, आणि त्यानेच माणूस गोंधळतो.

वरून घातलेली साखर, मध आणि फळांचे रस मिळून दिवसाला २५ ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण सहा लहान चमचे, असे धोरण ठेवा. मधुमेह असेल तर मात्र कमी साखरेची धास्ती जास्त बाळगा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी काही औषधे चालू असताना जेवण चुकले की रक्तातली साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, चिडचिड, असंबद्ध बोलणे दिसले की लगेच १५ ग्रॅम साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून कमी असेल तर पुन्हा द्या. गिळण्याइतकी शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, तातडीची मदत बोलवा.

औषधांशी भांडणारे पदार्थ

वॉरफरिन हे रक्त पातळ करणारे औषध चालू असलेल्या माणसाची पालेभाजी घरचे बंद करतात. बंद करायची नसते, प्रमाण दर आठवड्याला सारखे ठेवायचे असते. एक आठवडा रोज आणि पुढचा आठवडा शून्य, यानेच रक्ताची चाचणी वरखाली होते. नवा आहार सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा, म्हणजे मात्रा त्यानुसार बसवता येते. पार्किन्सनसाठीची लेव्होडोपा प्रथिनयुक्त जेवणाबरोबर घेतली तर नीट शोषली जात नाही, ती सहसा जेवणाआधी अर्धा तास घेतात. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा रक्तदाबाच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर ते धोक्याचे आहे, विचारल्याशिवाय आणू नका. ग्रेपफ्रूट काही स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या) गोळ्यांचा परिणाम वाढवते.

गोळ्या-पावडरी

थोडक्यात: कमतरता सिद्ध झाली असेल तर जरूर घ्या, नसेल तर पैसे वाचवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शनात भूमध्यसागरी धाटणीच्या आहाराला पसंती दिली. स्मृतिऱ्हास रोखण्यासाठी बी आणि ई जीवनसत्त्वे किंवा ओमेगा-३च्या गोळ्या देऊ नयेत, असेही म्हटले. गिंको बिलोबा या झाडाच्या पानांच्या अर्काची ३०६९ ज्येष्ठांवर मोठी चाचणी झाली, रोज दोनदा १२० मिलिग्रॅम. २००८ साली निकाल आला: डिमेन्शिया कमी झाला नाही. रक्त पातळ करणाऱ्या औषधाबरोबर गिंको घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, तो वेगळाच. खोबरेल तेलाचा मेंदूसाठी गवगवा झाला, तसा पुरावा त्याच्यामागे नाही.

आणि नुसत्या ताटाकडून सगळी अपेक्षा ठेवू नका. फिनलंडमधल्या ‘फिंगर’ चाचणीत ६० ते ७७ वयाच्या १२६० जणांना दोन वर्षे पाहिले. एका गटाला आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष, असे सगळे एकत्र दिले होते, आणि त्या गटाची बुद्धी जरा जास्त सुधारली. त्यात आहाराचा वाटा किती, हे वेगळे काढता येत नाही.

विसरणे सुरू झालेले असेल तर

इथे काय खायचे यापेक्षा कसे खायला घालायचे हे जास्त महत्त्वाचे. टीव्ही बंद. टेबलावर फक्त ताट, पेला आणि चमचा. नक्षीदार ताट नको, त्यातली फुले माणूस उचलू पाहतो. पांढऱ्या ताटात पांढरा भात दिसतच नाही, म्हणून अन्नापेक्षा वेगळ्या रंगाचे, एकरंगी ताट घ्या. पाच पदार्थ एकदम वाढले तर कुठून सुरू करायचे हे सुचत नाही, एक-दोनच वाढा आणि ते संपल्यावर पुढचे द्या. ‘काय खाणार?’ असे विचारू नका, दोन गोष्टी समोर धरून दाखवा. चमचा सुटू लागला की हाताने उचलता येतील असे तुकडे करा. एका जेवणाला ३०-४० मिनिटे धरून चाला. ज्या वेळी माणूस सर्वांत ताजातवाना असतो, त्या वेळी मोठे जेवण द्या. बहुतेकांची ती वेळ सकाळ ते दुपार असते. संध्याकाळी गोंधळ वाढतो, तेव्हा आग्रह केला की भांडण होते.

पाणी पिताना ठसका लागणे, खाल्ल्यावर आवाज ओलसर येणे, गालात घास साठणे ही गिळण्याच्या दोषाची चिन्हे आहेत. पाण्यासारखे पातळ द्रव गिळायला बहुधा जास्त अवघड जाते. पण घट्ट करणारी पावडर मनाने सुरू करू नका, आधी गिळण्याची तपासणी करून घ्या. तोवर पाठ सरळ ठेवून बसवा, घास लहान द्या आणि जेवल्यावर अर्धा तास आडवे होऊ देऊ नका.

आणि काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक गोंधळ वाढला, माणूस दिवसा झोपून राहू लागला किंवा भलतेच बोलू लागला, तर आहाराची वही बाजूला ठेवा. त्यामागे जंतुसंसर्ग, शरीरातले पाणी कमी होणे, सोडियम घसरणे किंवा नवी गोळी असू शकते. त्याच दिवशी दवाखान्यात न्या. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घ्या, आणि शेवटचे जेवण कधी झाले, कालपासून किती पाणी प्यायले गेले, लघवी किती वेळा झाली, हे कागदावर लिहून न्या.